पांढुर्ण्याची गोटमार: कथा, नोंद आणि कल्पना

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामधल्या जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवतात आणि त्याला झेंडा बांधतात. पूजा आटोपली की दोन्ही काठांवरून दगड सुटतात; हीच गोटमार. पांढुर्णेकर कुऱ्हाडी घेऊन झाड तोडायला पाण्यात उतरतात, सावरगावकर त्यांना गोट्यांनी मागे रेटतात. हाती आलेला झेंडा चंडीमातेच्या देवळात जातो. फुटलेल्या डोक्यावर देवीची राख लावून कित्येक जण पुन्हा पात्रात उतरतात.

सांगितली जाणारी कथा अशी: पांढुर्ण्याच्या तरुणाने सावरगावची मुलगी पळवली. नदी ओलांडताना सावरगावकरांनी दोघांवर दगडफेक केली, पलीकडून दगडांनीच उत्तर मिळाले आणि दोघेही पात्रातच मेले. त्या प्रेमिकांना नाव नाही, त्या दिवसाला साल नाही. काही जण या प्रथेचे मूळ भोसल्यांच्या सैन्याच्या सरावात शोधतात. प्रेमकथा मात्र तोंडातोंडी इतकी रुळली आहे की ती इतिहास म्हणूनच सांगितली जाते. दगडांनी झालेल्या मृत्यूंचे प्रायश्चित्त पुन्हा दगडांनीच घ्यायचे, ही त्या कथेतली सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट.

कथा आणि इतिहास यांची अशी गल्लत पडद्यावरही दिसते: कॅनडाचे दिग्दर्शक गाय मॅडिन यांनी 2007 मध्ये ‘माय विनिपेग’ या चित्रपटात आपले गाव आठवण, वस्तुस्थिती आणि कल्पना यांच्या सरमिसळीतून उभे केले. त्यात नदीत गोठलेल्या घोड्यांचे दृश्य आहे. 19 फेब्रुवारी 1942 रोजी युद्धकर्जरोखे खपावेत म्हणून शहरावर नाझींच्या खोट्या कब्जाचे नाट्य रचले गेले, तेही आहे. आणि हे नाट्य खरोखर घडले होते. पांढुर्ण्यावर असा चित्रपट करणाऱ्यालाही अशीच अडचण येईल: प्रेक्षकाला गोटमार कल्पित वाटेल आणि प्रेमकथा खरी.

नोंदी कथेपेक्षा कठोर आहेत. 1955 पासून या खेळात डझनभराहून अधिक माणसे दगावल्याचे वृत्तपत्रांनी छापले आहे. जखमींचा आकडा दरवर्षी शेकड्यांत जातो. प्रशासन जमावबंदी लावते, डॉक्टर आणि रुग्णवाहिका तैनात करते, गोफणीला मनाई करते. एकदा दगडांऐवजी रबरी चेंडूही पुढे केले गेले. लोकांनी गोटेच उचलले.

कापूस आणि संत्र्यांचा हा मुलूख 1956 च्या राज्य पुनर्रचनेत छिंदवाड्यासह मध्य प्रदेशातच राहिला. 2023 मध्ये पांढुर्णा व सौंसर मिळून वेगळा जिल्हा झाला. याच जिल्ह्यात, सौंसरजवळच्या जामसावळीत पिंपळाखाली आडवा पहुडलेला मारुती आहे. पूर्वी उभी असलेली मूर्ती खालचे धन चोरांच्या हाती लागू नये म्हणून आडवी झाली, असे भाविक सांगतात. ही कथाही तितक्याच श्रद्धेने सांगितली जाते, फक्त तिच्यापायी कोणाचे डोके फुटत नाही.