जुनी गाडी घेताना: गाडी, कागद आणि मालक

जुन्या मोटारीच्या व्यवहारात नजर असते रंगावर, टायरवर आणि इंजिनाच्या आवाजावर. मोठी फसवणूक मात्र बहुधा कागदात असते. इंजिन खराब निघाले तर दुरुस्तीचा खर्च अंगावर येतो. मालकी खोटी निघाली तर गाडी जाते आणि पैसेही जातात. जो स्वतः मालक नाही, त्याला सर्वसाधारणपणे दुसऱ्याला मालकी देता येत नाही, हे तत्त्व वस्तुविक्री अधिनियम, १९३० मध्ये आहे. चोरीची गाडी घेणाऱ्याने पूर्ण किंमत मोजली, स्टॅम्प पेपरवर करार केला, नोटरीचा शिक्का घेतला, तरी गाडी मूळ मालकाचीच राहते. पोलिसांना ती सापडली की मुद्देमाल म्हणून जप्त होते. गाडी चोरीची आहे हे घेणाऱ्याला माहीत होते किंवा तसे वाटायला कारण होते असे दिसले, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली त्याच्यावरही गुन्हा दाखल होऊ शकतो.

म्हणून तपासायच्या गोष्टी तीन: समोर उभी असलेली गाडी, तिचे कागद आणि ती विकणारा माणूस. तिन्ही एकमेकांशी जुळल्या तरच व्यवहार सुरक्षित. फसवणुकीचा कोणताही प्रकार घेतला तरी या तिन्हींपैकी एकीचा मेळ बसत नाही असेच आढळते.

आरसी आणि ‘वाहन’ची नोंद

नोंदणी प्रमाणपत्र, म्हणजे रोजच्या बोलण्यातले आरसी बुक, हा पहिला कागद. आता ते बहुधा कार्डाच्या रूपात असते आणि हुबेहूब बनावट कार्ड तयार करणे अवघड राहिलेले नाही. त्यामुळे हातात दिलेल्या कार्डावर न थांबता गाडीचा नंबर केंद्र सरकारच्या ‘वाहन’ प्रणालीत किंवा ‘एमपरिवहन’ ॲपवर टाकून पाहावा. तिथे मालकाचे नाव गोपनीयतेसाठी अर्धवट झाकलेले दिसते, पण मॉडेल, इंधन, नोंदणीची तारीख, विम्याची आणि पीयूसीची मुदत कळते. कार्डावरचा तपशील आणि ही नोंद ओळीने ताडून पाहावी.

या नोंदीतल्या काही गोष्टींकडे बारकाईने पाहावे लागते. गाडी आतापर्यंत कितव्या मालकाकडे आहे, हा मालकीचा क्रमांक नोंदीत असतो. ‘सिंगल ओनर’ म्हणून जाहिरात केलेली गाडी तिसऱ्या मालकाची निघते ती इथेच. गाडी खासगी आहे की प्रवासी वाहतुकीची, हेही कळते. टुरिस्ट परमिटवर चाललेली गाडी खासगी करून घेणे कायदेशीर आहे, पण ती गोष्ट लपवून गाडी ‘घरगुती वापराची’ म्हणून विकणे ही फसवणूक होय. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. मुदत संपत आली असेल, तर नूतनीकरणासाठी तपासणी आणि शुल्क यांचा हिशेब किमतीत धरावा लागतो. गाडी ‘ब्लॅकलिस्ट’ दाखवत असेल, तर त्यामागचे कारण आरटीओत विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

चासी नंबर: गाडीची खरी ओळख

नंबर प्लेट काही मिनिटांत बदलता येते. चासी नंबर धातूत ठोकलेला असतो. आधुनिक मोटारीचा हा क्रमांक १७ अक्षर-अंकांचा असतो. आकड्यांशी घोटाळा होऊ नये म्हणून त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरे वापरत नाहीत. पहिली तीन चिन्हे उत्पादकाची: मारुती सुझुकीच्या गाड्यांवर एमए३, ह्युंदाईवर एमएएल, टाटा मोटर्सवर एमएटी अशी सुरुवात आढळते. एका कंपनीच्या गाडीवर दुसऱ्या कंपनीची सुरुवात दिसली, तर तो धोक्याचा मोठा इशारा समजावा.

हा क्रमांक मॉडेलनुसार बॉनेटखाली, इंजिनामागच्या पत्र्यावर किंवा पुढच्या सीटजवळच्या तळाच्या पत्र्यावर असतो; शिवाय वेगळ्या पट्टीवरही छापलेला असतो. सगळीकडचा क्रमांक सारखाच हवा आणि आरसीशी अक्षरन् अक्षर जुळायला हवा. कागद ठेवून पेन्सिल घासली की क्रमांकाचा ठसा उमटतो. त्यात अक्षरांची खोली, अंतर आणि ओळ सरळ आहे की नाही ते दिसते. क्रमांकाभोवती वेल्डिंगची रेघ, घासल्याच्या खुणा, नुकताच मारलेला रंग किंवा मुद्दाम चढवलेला गंज दिसला, तर तो भाग कापून बदलल्याची शक्यता असते. इंजिन नंबरही असाच ताडावा. इंजिन बदललेले असेल आणि त्याची नोंद आरसीत नसेल, तर हस्तांतर अडते.

उच्च सुरक्षा नंबर प्लेटवर लेसरने कोरलेला वेगळा क्रमांक असतो. १ एप्रिल २०१९ पासून विकल्या गेलेल्या नव्या गाड्यांना ही प्लेट कारखान्यातून किंवा विक्रेत्याकडूनच लागते; जुन्या गाड्यांनाही ती बसवावी लागते. साधी, बाजारातून केलेली प्लेट दिसली तर मूळ प्लेट कुठे गेली हे विचारायलाच हवे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ऑनलाइन सुविधेत नोंदणी, चासी आणि इंजिन क्रमांक भरले की पोलिसांच्या नोंदीत ते वाहन चोरीचे म्हणून आहे का, हे कळते. ही चौकशी विसार देण्याआधीच करावी. नोंदीत नाव नाही म्हणजे गाडी निर्धोक, असा मात्र त्याचा अर्थ नाही. क्रमांकच बदललेला असेल, तर नोंद निघते ती दुसऱ्याच गाडीची.

टोटल लॉस आणि पुरात बुडालेल्या गाड्या

कागद अस्सल आणि गाडी चोरीची, हा सगळ्यांत फसवा प्रकार विमा कंपन्यांनी मोडीत काढलेल्या गाड्यांतून उभा राहतो. अपघातानंतर दुरुस्तीचा खर्च विम्यातल्या ठरीव किमतीच्या ७५ टक्क्यांहून अधिक होत असेल, तर गाडी ‘टोटल लॉस’ धरली जाते. मालकाला भरपाई मिळते आणि चेपलेला सांगाडा लिलावात जातो. वाहन कायमचे निकामी झाले तर मालकाने १४ दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवावे, असे मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५५ मध्ये आहे. तसे कळवले गेले नाही, तर सांगाड्याबरोबर त्याची जिवंत आरसीही बाजारात फिरते. टोळ्यांना हवी असते ती ही आरसी. त्याच मॉडेलची, त्याच रंगाची गाडी चोरायची, सांगाड्यावरचा चासी नंबर कापून तिच्यावर बसवायचा आणि अस्सल कागदांवर ती विकायची. अशा वेळी ‘वाहन’ची नोंद स्वच्छ दिसते, पकडता येते ती फक्त पत्र्यावरची जोड.

याच गाड्यांचा दुसरा वापर म्हणजे त्या ठोकठाक करून ‘कधीच न ठोकलेली’ म्हणून विकणे. पुरातल्या गाड्यांचेही तेच. २००५ च्या जुलैत मुंबईत, २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात, २०२१ च्या जुलैत चिपळूण-महाडमध्ये असंख्य वाहने पाण्याखाली गेली. अशा महापुरांनंतर धुऊन-पुसून दूरच्या जिल्ह्यात गेलेली गाडी वरून चकचकीत दिसते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला की आत पाण्याची रेघ सापडते. सीटच्या रुळांवर गंज, गालिच्याखाली गाळ, हेडलाइटच्या आत धुके आणि एसी लावताच येणारा कुबट वास या बाकीच्या खुणा.

विम्याचा कागद इथे बराच बोलतो. दावा न केलेल्या प्रत्येक वर्षाला मिळणारी नो क्लेम सवलत २० टक्क्यांपासून पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत चढते. एकाच मालकाकडे सहा वर्षे असलेल्या आणि ‘एकही क्लेम नाही’ असे सांगितलेल्या गाडीच्या पॉलिसीवर ही सवलत शून्य असेल, तर मधल्या काळात काय झाले हे विमा कंपनीकडून काढून घ्यावे.

मीटर मागे फिरवण्याचा प्रकार तुलनेने सोपा पकडता येतो. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये प्रत्येक सर्व्हिसच्या वेळचे किलोमीटर नोंदलेले असतात. ४०,००० किलोमीटर दाखवणाऱ्या गाडीची पेडलची रबरे आणि स्टीअरिंग गुळगुळीत झाले असेल, तर त्या नोंदी मागाव्यात.

कर्ज, गहाण आणि थकलेला दंड

कर्जावर घेतलेल्या गाडीच्या आरसीवर वित्तसंस्थेचा बोजा चढवलेला असतो. तो उतरल्याशिवाय किंवा संस्थेच्या संमतीशिवाय गाडी दुसऱ्याच्या नावावर होत नाही. ‘हप्ते संपलेत, एनओसी नंतर देतो’ या शब्दावर पैसे दिले, तर पुढे वसुलीची माणसे गाडी ओढून नेऊ शकतात. बोजा उतरवण्यासाठी बँकेचे ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ लागतो. दोन्ही बनावट निघू शकतात, म्हणून कर्ज खात्याच्या क्रमांकासह बँकेच्या शाखेतच विचारणा करावी. कर्ज बाकी असेल, तर तेवढी रक्कम विकणाऱ्याच्या हातात न देता थेट कर्ज खात्यात भरणे आणि उरलेली नंतर देणे हा सुरक्षित मार्ग.

आरसीवर न दिसणारे गहाणही असते. महिन्याच्या भाड्याने घेतलेली दुसऱ्याची गाडी परस्पर गहाण टाकायची किंवा विकायची, असे गुन्हे राज्यात वारंवार नोंदले जातात. यात गाडी खरी आणि आरसीही खरी असते. खोटा असतो तो विकणारा. थकलेली ई-चलने हा लहान, पण त्रासाचा भाग. गाडीचा नंबर टाकून ती ऑनलाइन पाहता येतात आणि ताबा घेण्याआधी विकणाऱ्याकडून भरून घेता येतात.

विकणारा कोण?

आरसीवरचे नाव आणि समोरचा माणूस एकच आहे का, हे आधार आणि पॅन कार्डावरून पाहावे. भाऊ, मेहुणा किंवा एजंट व्यवहार करत असेल, तर मूळ मालकाशी प्रत्यक्ष भेट व्हायलाच हवी. मालक मयत असेल, तर आधी गाडी फॉर्म ३१ वर वारसाच्या नावावर व्हावी लागते. मयताच्या जुन्या कोऱ्या सह्यांवर केलेले हस्तांतर टिकत नाही.

दलालांकडे ‘टीटी फॉर्म’, म्हणजे फॉर्म २९ आणि ३०, कोऱ्या सह्यांसह पडलेले असतात. गाडी दोन-तीन हात फिरते, नोंद मात्र पहिल्याच मालकाची राहते. हा प्रकार आवरण्यासाठी केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये नियम केले. ते १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याने नोंदणी अधिकाऱ्याकडून अधिकारपत्र घ्यायचे, गाडी ताब्यात घेताच ऑनलाइन कळवायचे आणि तिथून पुढे तिची जबाबदारी आपल्याकडे घ्यायची, अशी ही व्यवस्था आहे. म्हणून विक्रेत्याकडे अधिकारपत्राची प्रत मागणे हा ग्राहकाचा सरळ प्रश्न आहे.

जाहिरातींवरच्या फसवणुकीत तर गाडीच नसते. ‘लष्करात आहे, बदली झाली, म्हणून स्वस्तात द्यायची आहे’ असे सांगून गणवेशातले फोटो, ओळखपत्र आणि आरसीची प्रत पाठवली जाते. मग वाहतूक खर्च किंवा टोकन म्हणून रक्कम मागितली जाते. ही कागदपत्रे बहुधा दुसऱ्याच कोणाची असतात. बाजारभावापेक्षा फार कमी किंमत, गाडी पाहायला मिळण्याआधी पैशांची मागणी आणि ‘दुसरे गिऱ्हाईक तयार आहे’ ही घाई एकत्र आली, तर पुढे बोलू नये.

परराज्यातली गाडी

दिल्ली परिसरात डिझेल गाड्यांवर १० वर्षांनंतर आणि पेट्रोल गाड्यांवर १५ वर्षांनंतर निर्बंध आल्याने तिथल्या कित्येक गाड्या इतर राज्यांत विकल्या गेल्या. अशी स्वस्त वाटणारी गाडी महाराष्ट्रात १२ महिन्यांहून अधिक काळ ठेवायची, तर इथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ आरटीओचे फॉर्म २८ मधले ना हरकत प्रमाणपत्र लागते आणि इथला मोटार वाहन कर भरावा लागतो. ही रक्कम धरल्यावर स्वस्ताई बरीच उतरते. फॉर्म २८ हातात नसेल, तर गाडी एमएच पासिंग होणार नाही.

पैसे आणि नावावर होणे

तपासणी झाल्यावर क्रम महत्त्वाचा. विसार लहान ठेवावा आणि त्याच्या पावतीत गाडीचा चासी नंबर व व्यवहार फिसकटल्यास पैसे परत करण्याची अट लिहून घ्यावी. पैसे आरसीवरच्या मालकाच्याच बँक खात्यात जावेत. एकाच व्यवहारात दोन लाख किंवा अधिक रोख स्वीकारायला प्राप्तिकर कायद्याने मनाई आहे; रोखीचा हट्ट असेल तर कारण शोधावे. मोठा हप्ता हस्तांतराच्या अर्जावर सह्या झाल्यावर द्यावा. ताबा घेताना तारीख आणि वेळ लिहिलेली पावती दोघांनी ठेवावी. त्याआधीचे चलन आणि अपघात कोणाचे, हे त्यावरून ठरते.

राज्यातल्या राज्यात विक्री असेल, तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. ही घाई विकणाऱ्याच्याही हिताची. गाडी अनेक हातांतून गेली, तरी अपघातात भरपाईची जबाबदारी नोंदीतल्या मालकाची, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एका प्रकरणात स्पष्ट केले.

विमा वेगळा नावावर करून घ्यावा लागतो. कलम १५७ नुसार तृतीय पक्षाचे संरक्षण गाडीबरोबर जाते, पण घेणाऱ्याने १४ दिवसांत विमा कंपनीला कळवायचे असते. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचे संरक्षण आपोआप येत नाही, आणि नो क्लेम सवलत मालकाची असल्याने जुन्या मालकाकडेच राहते.

इतके करूनही फसवणूक उघड झाली, तर पहिले काही तास मोलाचे असतात. पैसे ऑनलाइन गेले असतील, तर १९३० या सायबर मदतक्रमांकावर लगेच कळवावे, म्हणजे रक्कम पुढे सरकण्याआधी खाते गोठवता येण्याची शक्यता राहते. गाडी चोरीची वाटली, तर ती दुसऱ्याच्या गळ्यात मारणे हा नवा गुन्हा ठरतो. सगळे कागद घेऊन पोलीस ठाण्यात जावे. व्यावसायिक विक्रेत्याने दोष लपवून गाडी विकली असेल, तर ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. करार, बँकेची नोंद, जाहिरातीची प्रत आणि मोबाइलवरचे संदेश हे तिथे पुरावे होतात, म्हणून पहिल्या फोनपासूनचे सगळे जपून ठेवावे.