उसन्या फोनवरची अठरा वर्षं

२००७ साली मी शाळेत दहावीत होते आणि ऑर्कुटवर वीस वर्षांची. तिथे अठरा पूर्ण लागायची. जन्मसाल मागे सरकवलं की भागायचं. आमच्या तालुक्याच्या गावी एसटी स्टँडसमोर सायबर कॅफे होता. प्लायवूडचे कप्पे, वीस रुपये तास, दोन खुर्च्यांवर आम्ही तिघी. प्रोफाइलला स्वतःचा फोटो लावायची छाती नव्हती. माझ्या जागी मोगरा, एकीच्या जागी जेनेलिया, तिसरीचं टेडी बेअर.

मांडीला मांडी लावून बसायचो आणि एकमेकींनाच स्क्रॅप लिहायचो, रोमन लिपीतल्या मराठीत. टेस्टिमोनियल मात्र आधी वहीत कच्चं लिहून न्यायचो, कॅफेतला वेळ वाया जाऊ नये म्हणून. ‘माझी मैत्रीण’ या निबंधात जे कधी सुचलं नाही, ते तिथे भसाभसा सुचायचं. उठण्याआधी हिस्टरी पुसायची. कॉम्प्युटरवर मी शिकलेलं हे पहिलं काम, एमएस-सीआयटीच्याही आधीचं.

पुढे एकीच्या भावाला कळलं आणि तिघींचा कॅफे सुटला. ३० सप्टेंबर २०१४ला ऑर्कुटच बंद झालं. आपलं लिखाण उतरवून घ्यायची सोय ठेवली होती, पण सात वर्षांपूर्वीचा पासवर्ड कुणाला आठवतोय?

मधली वर्षं ब्लूटूथची आणि मेमरी कार्डची. त्यात मुलींचं म्हणावं असं थोडंच. २०१६च्या वसंतात मात्र मिथिला पालकरने जयवंत कुलकर्णींचं जुनं गाणं कपाच्या ठेक्यावर म्हटलं आणि आमच्या घरी आत्तेबहिणीने स्टीलचं फुलपात्र आपटून आपटून पोचवलं. त्याच सप्टेंबरात जिओ आलं. डेटा फुकट झाला. फोन अजून बाबांचाच होता.

मी तोवर शिक्षिका झाले होते. नववीतल्या मुली मधल्या सुट्टीत कोपऱ्यात काहीतरी हातवारे करायच्या. मला वाटलं गॅदरिंगची तयारी. ती टिकटॉकची निघाली. त्यातल्या एकीने मला दाखवलेला पंधरा सेकंदांचा व्हिडिओ मी विसरले नाही. तांदळाच्या डब्यावर वरवंटा उभा करून त्याला फोन टेकवलेला. ही समोर उभी राहून एका हिंदी सिनेमातल्या खलनायकाचा डायलॉग ओठांवर म्हणतेय, मागे चुलीपाशी आई भाकरी थापतेय. डायलॉग संपता संपता आई मान वर करते आणि शेवटचे दोन शब्द स्वतःच म्हणते, अगदी वेळेवर, पिठाचं बोट नाचवत. ‘‘बाई, हे आम्ही ठरवलंच नव्हतं,’’ पोरगी म्हणाली. आईने रोज ऐकून ऐकून पाठ केलं होतं.

दिग्दर्शन, संकलन, नेपथ्य असले शब्द तिच्या गावीही नव्हते. पण दार किती उघडं ठेवलं की तोंडावर उजेड बरोबर पडतो, हे तिने शोधून काढलं होतं. शहरातली शहाणी मंडळी या सगळ्याला ‘क्रिंज’ म्हणायची. मे २०२०मध्ये यूट्यूब श्रेष्ठ की टिकटॉक यावरून जे भांडण पेटलं, त्यात मला तरी जातीचा आणि गावाचा वास स्वच्छ येत होता.

गलवाननंतर २९ जून २०२०ला सरकारने ५९ चिनी अ‍ॅप्सवर बंदी घातली. टिकटॉकचे भारतात वीस कोटी वापरकर्ते असल्याचं तेव्हा सांगितलं जायचं. बंदीच्या कारणांशी मला भांडायचं नाही. पण पिठाचं बोट नाचवणारी ती आईही त्यात गेली. व्हिडिओ फोनमध्ये नव्हता. मेमरी फुल झाली म्हणून पोरीच्या भावाने आधीच काढून टाकला होता.

लगेच जुलैत इन्स्टाग्रामचे रील्स आले. तिथली हवा निराळी. कॅफेतली कॉफी, इंग्रजी बायो, गुळगुळीत गाल. माझ्या विद्यार्थिनी बहुतेक बघ्याच झाल्या. काही प्रतिलिपीवर भुताच्या नि प्रेमाच्या क्रमशः कथा वाचायला लागल्या. एक बीटीएसच्या नादाने कोरियन अक्षरं गिरवत होती, गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर, खाली देवनागरीत उच्चार. एकीचा फोटो कुणीतरी उचलून बनावट खातं काढलं, तेव्हा शाळेने पहिला उपाय केला तो मुलींनाच खाती बंद करायला सांगण्याचा. मीही त्या सभेत मान डोलावली होती.

याच काळात ‘पोरी फोनमध्ये बुडाल्यात’ हे पालकसभेचं पालुपद झालं. बुडायला फोन तर हवा! ‘असर’च्या २०२३च्या ग्रामीण भागातल्या पाहणीत १४ ते १८ वयाच्या जवळपास ९० टक्के मुलामुलींच्या घरी स्मार्टफोन होता. तो वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे ४३.७ टक्के, मुली १९.८. लॉकडाऊनमध्ये अकराचा ऑनलाइन तास घ्यायला मी बसायचे तेव्हा कितीतरी जणींचा फोन बाबांच्या खिशात शेतावर गेलेला असायचा. त्या रात्री आठनंतर गृहपाठ पाठवायच्या.

गेल्या दिवाळीत माझी नववीतली भाची आईच्या फोनवर रील बनवत बसली होती. आकाशकंदील, बदलते ड्रेस, अचूक कट. ड्राफ्ट्समध्ये असे एकोणसत्तर होते, टाकलेले तीन.

‘‘बाकीचे का नाही टाकत गं?’’

‘‘टाकायचे नाहीयेत मावशी. करून बघायचे होते.’’

आतून ताईने फोनसाठी हाक मारली. ‘‘आले गं,’’ म्हणत भाचीने अंगठ्याने सगळ्या खिडक्या एकेक करून वर उडवल्या, स्क्रीन ओढणीला पुसली आणि फोन नेऊन दिला.