सायलेन्सरमधील उष्णतामापक

मुंबईहून अहमदाबादकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, वसई तालुक्यांत, चिंचोटी हें गांव आहे. येथूनच कामणवरून भिवंडीच्या अंजूरफाट्याकडे जाणारा रस्ता फुटतो, त्यामुळें मालमोटारींची वर्दळ येथें रात्रंदिवस चालूच असते. पावसाळ्यांत धबधबा पाहावयास येणाऱ्यांच्या लहान मोटारींची तींत भर पडते. अशा ठिकाणीं डिझेलवर चालणाऱ्या एखाद्या मोटारीचा इंजिनाचा पिंवळा दिवा लागतो, गाडीचा जोर एकाएकीं कमी होतो, आणि गॅरेजांतील मिस्त्री स्कॅनर लावून सांगतो कीं, ‘पी ०५४६’ असा कोड आला आहे, सबब सायलेन्सरचा सेन्सर बदलला पाहिजे. चालक बिचारा कांहीं हजार रुपये मोजून नवा सेन्सर बसवितो, आणि दोन दिवसांनीं तोच दिवा पुन्हां लागतो. हें असें कां होतें?

१ एप्रिल २०२० पासून भारतांतील नव्या मोटारींस भारत स्टेज ६ चे नियम लागू झाले. डिझेल मोटारीनें दर किलोमीटरमागें हवेंत सोडावयाच्या सूक्ष्म कणांची मर्यादा पूर्वीं २५ मिलिग्रॅम होती, ती ४.५ वर आली. एवढी काजळी अडवावयाची म्हणजे गाळणी हवीच. मधमाश्यांच्या पोळ्यासारखीं छिद्रें असलेली ही भाजक्या मातीसारखी कठीण गाळणी सायलेन्सरच्या मार्गांत बसविलेली असते. मिस्त्रीलोक तिला डीपीएफ म्हणतात. ती भरत आली कीं, आंतली काजळी जाळून टाकावी लागते, आणि त्यास सुमारें ६०० अंश सेल्सिअस उष्णता लागते. गाडींतील संगणक त्याकरितां इंजिनांत थोडें अधिक डिझेल सोडतो. उष्णता कमी पडली तर काजळी जळत नाहीं, प्रमाणाबाहेर गेली तर गाळणीच तडकते किंवा वितळते. आंत काय चाललें आहे हें संगणकास कळविणारा साक्षीदार म्हणजे हा सेन्सर. त्याची साक्ष मिळेनाशी झाली कीं, संगणक काजळी जाळण्याचें काम सावधपणें बंद ठेवतो. मग घोडबंदरच्या बाजूला तासन्‌तास मुंगीच्या पावलांनीं सरकणाऱ्या रांगेंत गाळणी भरतच जाते, आणि सेन्सरच्या बिघाडाचा खर्च गाळणीच्या खर्चावर जाऊन पोंचतो. खरी भीति आहे ती हीच.

पुष्कळ गाड्यांतील सेन्सरांत प्लॅटिनमची बारीक पट्टी असते. इ. स. १८८७ मध्यें कॅलेंडर या इंग्रज शास्त्रज्ञानें प्लॅटिनमचा विद्युद्रोध उष्णतेबरोबर किती नियमितपणें वाढतो हें दाखवून दिलें. त्याच गुणाचा येथें उपयोग केलेला आहे. या जातीच्या एका प्रचलित सेन्सरचा रोध शून्य अंशावर २०० ओहम, चिंचोटीच्या पावसाळी सकाळीं सुमारें २२०, आणि ६०० अंशांवर सुमारें ६२० असतो. दुसऱ्या एका जातींत याच्या उलट, उष्णता वाढेल तसा रोध घटतो. त्या जातीचा सेन्सर थंड असतां त्याचा रोध इतका प्रचंड असतो कीं, साधा मल्टिमीटर वायर तुटल्यासारखेंच दाखवितो. या एका गैरसमजानें चांगले सेन्सर भंगारांत गेले आहेत! म्हणून गाडींत कोणती जात आहे हें कंपनीच्या पुस्तकांत पाहिल्यावांचून मीटर लावूं नये.

आतां त्या कोडाकडे वळावें. पी ०५४४ हा कोड सेन्सरच्या विद्युन्मंडलांत दोष आहे एवढेंच सांगतो. ०५४५ म्हणजे तेथील विद्युद्दाब फार कमी, ०५४६ म्हणजे फार अधिक. मंडलांत सेन्सर आला, तशाच वायरी, जोड आणि संगणकही आला. सेन्सरचेंच नांव कोडानें कोठेंही घेतलेलें नाहीं.

परीक्षेची उत्तम वेळ म्हणजे पहाट. गाडी रात्रभर उभी राहिली असतां किल्ली फिरवावी, पण इंजिन चालू करूं नये, आणि स्कॅनरवर सर्व आंकडे वाचावेत. बाहेरची हवा, इंजिनाचें पाणी आणि सायलेन्सरमधील सर्व सेन्सर यांनीं थोड्याफार फरकानें एकच उष्णतामान सांगितलें पाहिजे. बाकीचे २६ अंश म्हणत असतां एकटाच ९०० किंवा उणे ४० म्हणत असेल, तर त्याचें मंडल तुटलेलें किंवा परस्पर जुळलेलें आहे. वायर हातानें हळूच हलवून पाहावी. आंकडा उडूं लागला तर दोष सांपडलाच. पावसाळ्यांत आसऱ्यास आलेले उंदीर वायरी कुरतडतात, आणि साचलेल्या पाण्यांतून गेलेल्या गाडीच्या जोडांत हिरवा गंज चढतो.

त्यानंतर जोड सोडावा. दोन तारांच्या रोध-सेन्सरच्या बाबतींत संगणकाकडील दोन टोकें तारेच्या तुकड्यानें क्षणभर जोडलीं असतां आंकडा एका टोकावरून दुसऱ्या टोकास गेला पाहिजे. तसा गेला तर वायरी व संगणक निर्दोष, आणि दोष सेन्सरचा. नाहीं गेला तर नवा सेन्सर आणून कांहींएक उपयोग नाहीं. मात्र कांहीं गाड्यांत बिघाड ओळखल्यावर संगणक स्वतःचाच कल्पित आंकडा दाखवितो, याचें भान ठेवावें.

पहाटे सर्व सेन्सर जुळतात आणि चालतांना एकच वर चढतो, असेंही घडतें. तेव्हां साक्षीदार कदाचित् खरेंच बोलत असेल. डिझेल गळणारा इंजेक्टर किंवा टर्बोचा दोष यांमुळें धूर वस्तुतःच अति उष्ण झालेला असूं शकतो.

कोणी सेन्सरऐवजीं ठराविक रोधाचा तुकडा जोडून दिवा विझवितात. हा उपाय फार वाईट आहे. त्या तुकड्याचें उष्णतामान कधींच बदलत नाहीं, आणि संगणक आंधळेपणानें डिझेल सोडीत राहतो.

सेन्सर खरोखरच बदलावयाचा झाला तर सायलेन्सर निवल्यावर आट्यांवर गंज सोडविणारें तेल टाकून थांबावें. नव्याच्या आट्यांस उष्णता सोसणारें वंगण लावावें, टोकास लावूं नये. आणि पिळतांना वायर सोबत पिळली जाणार नाहीं असें पाहावें. मग कोड पुसावा, आणि दुसऱ्या दिवशीं पहाटे तेच आंकडे पुन्हां वाचावेत.