ल्यूथरन परंपरेतील उपवासकाळ



राखेच्या बुधवारपासून आपण उपवासकाळ पाळतो, तसाच आपले ल्यूथरन बांधवही पाळतात. जांभळी वस्त्रे आणि प्रभूच्या दुःखसहनाचे मनन त्यांच्याकडेही आहे. उपवासाची सक्ती मात्र नाही. मार्टिन ल्यूथर यांनी १५२९ च्या लघु प्रश्नोत्तरीत उपवासाला उत्तम बाह्य शिस्त म्हटले. परंतु ख्रिस्तप्रसादासाठी खरी सिद्धता विश्वासाची होय, असे शिकवले. त्याग ही कृपेची किंमत नव्हे. कृपा लाभलेला मनुष्य शेजाऱ्यासाठी त्याग करतो.

अशा त्यागाचे फळ कसे असते? आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातील राळेगणसिद्धी हे गाव ख्रिस्ती नव्हे. पण १९७५ नंतर अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने या अवर्षणग्रस्त गावाने दारूभट्ट्या बंद केल्या, श्रमदानाने पाणी अडवले आणि शिवार हिरवे केले. एकाच्या संयमाने सर्वांचे भले झाले.

३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्ग येथे कॅथोलिक व ल्यूथरन प्रतिनिधींनी संयुक्त घोषणापत्रावर स्वाक्षऱ्या केल्या. देव आपल्याला केवळ कृपेने स्वीकारतो आणि सत्कृत्ये ही त्या कृपेची फळे आहेत, हे दोघांनीही मान्य केले. म्हणून या उपवासकाळात आपल्या ताटातून जे कमी होईल, ते शेजाऱ्याच्या ताटात पडो.