घरचा प्लग आणि वेल्डिंग यंत्र

रॉड, टिग व मिग अशा तिन्ही पद्धतींचे वेल्डिंग यंत्र घरच्या कार्यशाळेसाठी निवडताना ‘२०० अँपिअर’ या आकड्याला भुलू नये. रॉडने काम करताना २०० अँपिअरला सुमारे २८ व्होल्ट, म्हणजे ५,६०० वॉट लागतात. २३० व्होल्टचा १६ अँपिअरचा प्लग फार तर ३,६८० वॉट देतो! २.५ मिलिमीटरच्या रॉडला मात्र ८० अँपिअर, म्हणजे सुमारे १,८५० वॉट पुरतात. यंत्रातील ऱ्हास धरूनही हे भागते.

एकच यंत्र तिन्ही कामे कसे करते? रॉड व टिगमध्ये हात हलला तरी प्रवाह स्थिर हवा. मिगमध्ये तार ठराविक वेगाने पुढे सरकते, म्हणून दाब स्थिर हवा: अंतर घटले की प्रवाह वाढतो, तार लवकर वितळते व अंतर पूर्ववत होते. यंत्रातील इलेक्ट्रॉनिक मंडल हवा तो गुण धारण करते.