गोळी आपोआप सुटत नाही

१ ऑक्टोबर २०२४ रोजी पहाटे मुंबईतील जुहू येथे एका नामवंत चित्रपट अभिनेत्याच्या पायात त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधील गोळी शिरली. बाहेरगावी निघण्याच्या गडबडीत शस्त्र कपाटात ठेवत असताना ते हातातून निसटले, खाली आदळले आणि बार उडाला, असे त्या वेळी सांगण्यात आले. शस्त्रक्रिया करून गोळी काढण्यात आली आणि जिवावर बेतलेले संकट पायावर निभावले. योगायोग असा की, १९५९ चा शस्त्र अधिनियम १९६२ साली ज्या दिवशी अमलात आला, तो दिवसही १ ऑक्टोबर हाच होता.

अशा घटनांच्या बातम्यांची भाषा ठरलेली असते. पिस्तूल साफ करताना ‘अचानक गोळी सुटली’, कमरेचे रिव्हॉल्व्हर काढताना ‘अनवधानाने बार उडाला’. या वाक्यांत कर्ता असतो तो शस्त्र किंवा दैव. माणूस कोठेच नसतो. वस्तुतः पिस्तूल हे एक यंत्र आहे. त्याला इच्छा नाही आणि लहरही नाही. चेंबरमध्ये जिवंत काडतूस असणे, त्या काडतुसावर आघात होणे आणि नळीचे तोंड माणसाच्या दिशेने असणे, या तीन गोष्टी एका क्षणी एकत्र आल्या तरच जीव जातो. यांपैकी एक जरी टळली, तरी फार तर भिंतीला भोक पडते. या तिन्ही गोष्टी कशा जुळून येतात, हे प्रत्येक परवानाधारकाने, आणि त्याच्याहूनही अधिक त्याच्या घरातील माणसांनी, समजून घेतले पाहिजे.

घोडा, चाप आणि टोपी

आपल्याकडे बोलण्यात ‘घोडा’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. कोणी बोटाने ओढण्याच्या भागास घोडा म्हणतो, तर कोणी मागे उचलल्या जाणाऱ्या हातोडीवजा भागास. या लेखात बोटाने ओढतात तो चाप आणि आघात करतो तो घोडा असे समजावे.

काडतूस म्हणजे पितळेचे एक नळकांडे. त्याच्या एका तोंडाशी गोळी, पोटात दारू आणि बुडाशी मधोमध एक चिमुकली टोपी. या टोपीत आघाताने पेट घेणारे मिश्रण असते. ठासणीच्या बंदुकीची केप ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे नवे नाही. तीच केप येथे काडतुसाच्या बुडात जाऊन बसली आहे. पुण्याजवळच्या खडकी येथील दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. तेथे तयार झालेल्या काडतुसांच्या बुडावर याच टोपीभोवती ‘के. एफ.’ ही अक्षरे उमटवलेली दिसतात. घोडा पडला की त्याची टोचणी टोपीवर आदळते, ठिणगी दारूपर्यंत जाते, बंद जागेत वायू फुगतो आणि गोळी नळीतून बाहेर पडते. नागरी परवान्यावर सर्रास आढळणाऱ्या .३२ बोअरच्या रिव्हॉल्व्हरमधून ती सेकंदाला सुमारे दोनशे मीटर वेगाने निघते.

यातील महत्त्वाची बाब अशी की, आघात कोठून आला हे टोपीला कळत नाही. मालकाने शांतपणे चाप ओढला काय किंवा शस्त्र फरशीवर घोड्याच्या बाजूने आपटले काय, तिला दोन्ही सारखेच.

जुन्या पद्धतीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा खाली असताना त्याची टोचणी थेट काडतुसाच्या टोपीला भिडून राहत असे. असे शस्त्र घोड्यावर पडले की बार ठरलेलाच. म्हणून एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत सहा बारी रिव्हॉल्व्हर बाळगणारे जाणते लोक त्यात पाचच काडतुसे भरीत आणि घोड्याखालचे घर रिकामे ठेवीत. पुढे कारखानदारांनी घोडा आणि काडतूस यांच्यामध्ये आडकाठी घालण्याच्या निरनिराळ्या युक्त्या काढल्या. परंतु त्याही सर्वस्वी निर्दोष नव्हत्या. १९४४ साली अमेरिकी नौदलाच्या एका जहाजावर स्मिथ अँड वेसन कंपनीचे रिव्हॉल्व्हर डेकवर पडून गोळी सुटली आणि एका खलाशाचा मृत्यू झाला. त्यानंतर त्या कंपनीने घोड्याला अडविणाऱ्या पट्टीची रचनाच बदलली. रुगर या दुसऱ्या अमेरिकी कंपनीने १९७३ पासून आपल्या रिव्हॉल्व्हरमध्ये वेगळी योजना आणली. तिच्यात घोडा टोचणीपर्यंत पोहोचतच नाही. चाप पूर्ण ओढला गेला तरच एक पट्टी वर सरकते आणि घोड्याचा आघात टोचणीकडे पोहोचवते. चाप सोडला की पट्टी खाली जाते व मार्ग तुटतो. आपल्याच जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये ही पट्टी विनामूल्य बसवून देण्याची तयारी त्या कंपनीने १९८२ पासून ठेवली.

हा इतिहास दूर देशीचा असला तरी त्यातील बोध आपल्या कपाटापर्यंत पोहोचतो. आजोबांच्या वेळचे, वारसाने आलेले परदेशी रिव्हॉल्व्हर आजही अनेक घरांत परवान्यावर आहे. त्यात आडपट्टी आहे की नाही, असल्यास ती झिजली आहे काय, हे बाहेरून पाहून सांगता येत नाही. परवानाधारक शस्त्र दुरुस्तकाकडून ते तपासून घेणे हाच मार्ग. नवे शस्त्र म्हणजे निर्धोक शस्त्र असेही नाही. २०१७ साली सिग साऊअर कंपनीच्या पी-३२० या आधुनिक पिस्तुलात विशिष्ट कोनातून पडल्यास बार उडू शकतो असे चाचण्यांत दिसून आले आणि कंपनीला विकलेल्या पिस्तुलांत सुधारणा करून देण्याची योजना जाहीर करावी लागली. सेफ्टीचा खटका हा शेवटी यंत्राचाच एक भाग असतो. तो लावावा अवश्य, पण त्याच्या भरवशावर बेफिकीर राहू नये.

एक गोष्ट मात्र बऱ्याच जणांना ठाऊक नसते. शस्त्र हातातून निसटले तर ते झेलण्याचा प्रयत्न करू नये. भांडे निसटले की हात आपसूक पुढे जातो, तसाच तो येथेही जातो; आणि घाईने आवळलेल्या बोटांपैकी एक नेमके चापावर पडते. चांगल्या स्थितीतील आधुनिक शस्त्र जमिनीवर पडण्यापेक्षा हे झेलणे अधिक घातक ठरते.

रिकाम्या पिस्तुलाचा भ्रम

रिव्हॉल्व्हर निदान उघडून पाहता येते. कानपूरच्या कारखान्यात तयार होणारे .३२ रिव्हॉल्व्हर मधोमध मोडून उघडले की सहाही घरे एका दृष्टिक्षेपात दिसतात. पिस्तुलाचे तसे नाही. त्याची काडतुसे मुठीतील मॅगझिनमध्ये असतात आणि एक काडतूस त्याच्याही पुढे, नळीच्या मुळाशी चेंबरमध्ये, असू शकते. मॅगझिन काढले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले, ही समजूत आजवर कितीतरी जणांच्या जिवावर बेतली आहे. मॅगझिन हातात असते, पण चेंबरमधील काडतूस जागच्या जागी असते.

त्याहून फसवी चूक क्रमाची. मॅगझिन आत असतानाच वरची स्लाइड मागे ओढली तर चेंबरमधील काडतूस बाहेर उडते हे खरे. परंतु स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधील नवे काडतूस चेंबरमध्ये सरकवते. आता मॅगझिन काढले तरी पिस्तूल भरलेलेच. शिवाय काडतूस बाहेर पडलेले डोळ्यांनी पाहिल्यामुळे मनाची खात्री पटलेली असते, आणि ही खात्रीच अधिक घातक. म्हणून क्रम उलटा हवा. आधी मॅगझिन काढावे, मग स्लाइड मागे ओढावी, ती तशीच अडकवून ठेवावी आणि चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहावे; अंधार असल्यास करंगळीने चाचपावे. मॅगझिन काढताच चाप निकामी होण्याची सोय काही पिस्तुलांत असते, उदाहरणार्थ १९३५ सालच्या ब्राउनिंगच्या पिस्तुलात. पण अनेकांत ती नसते. एका पिस्तुलाची सवय दुसऱ्यावर नेल्यास काय होईल, ते सांगायला नको.

दुसऱ्याने ‘रिकामे आहे’ असे सांगितले तर? ऑक्टोबर २०२१ मध्ये अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात चित्रीकरणाच्या तालमीत वापरावयाचे रिव्हॉल्व्हर धोकारहित असल्याचे सांगून अभिनेत्याच्या हाती देण्यात आले होते. त्यात खरे काडतूस निघाले आणि छायाचित्रण करणाऱ्या तरुण महिलेचा मृत्यू झाला. ज्याच्या हाती शस्त्र येईल त्याने ते स्वतः उघडून पाहावे, देणारा कितीही थोर असो. यात मानापमानाचा प्रश्न नाही.

हाताचा दोष

अमेरिकेतील शरीरक्रियाशास्त्रज्ञ रॉजर एनोका यांनी २००३ साली लिहिलेल्या एका लेखात, बोट नकळत आवळले जाण्याची तीन कारणे मांडली आहेत. एका हाताने जोर लावला की दुसऱ्या हाताचे स्नायूही त्याला साथ देतात. तोल जाताना माणूस हातातील वस्तू घट्ट धरतो. आणि अकस्मात दचकल्यावर मूठ वळते. एका हातात पिस्तूल धरून दुसऱ्या हाताने दार ओढणारा, जिन्यावर पाय घसरलेला, किंवा मागून कोणी हाक मारल्याने चमकलेला मनुष्य कितीही सरावलेला असला, तरी या क्षणी त्याचे बोट त्याच्या ताब्यात नसते. घोडा आधीच उचलून ठेवलेल्या रिव्हॉल्व्हरचा चाप दोनेक किलो ताकदीनेही सुटतो. घोडा उतरलेला असताना त्याच्या दुपटीहून अधिक जोर लागतो. यावरून घोडा उचलून वावरणे किती धोक्याचे, हे उघड होते.

यावर उपाय एकच आणि तो बिनखर्ची आहे. प्रत्यक्ष नेम धरल्याखेरीज बोट चापाच्या कड्यात जाता कामा नये. ते कड्याबाहेर, शस्त्राच्या अंगाशी सरळ ठेवावे. अमेरिकी प्रशिक्षक जेफ कूपर यांनी रूढ केलेल्या चार नियमांपैकी हा एक. प्रत्येक शस्त्र भरलेलेच समजावे, लक्ष्य व त्याच्या पलीकडे काय आहे ते ओळखावे, आणि जे नष्ट व्हावे असे वाटत नाही त्याकडे नळी कधीही वळवू नये, हे उरलेले तीन. आमच्या मते यांत नळीच्या दिशेचा नियम सर्वांत मोलाचा. कारण बाकीचे सारे मोडले तरी हा एकटा माणसाचा जीव वाचवतो.

पण सुरक्षित दिशा कोणती? शेतावर मऊ मातीची जमीन चालेल. शहरातील इमारतीत मात्र आपली फरशी म्हणजे खालच्या बिऱ्हाडाचे छत असते आणि आपली भिंत म्हणजे शेजाऱ्याच्या मुलांची झोपण्याची खोली. म्हणूनच अनेक शस्त्रागारांच्या दाराशी वाळूने भरलेले पिंप वा पेटी दिसते. शस्त्र भरताना व रिकामे करताना नळी त्या वाळूकडे असते. ज्याच्या घरी पिस्तूल आहे त्याला ही सोय करणे कठीण नाही.

नेमबाजीच्या मैदानावर ही शिस्त किती काटेकोर असते ते बालेवाडीच्या क्रीडासंकुलात पाहावे. गोळीबार थांबला की प्रत्येक शस्त्राच्या चेंबरमध्ये भडक रंगाची एक दोरी वा पट्टी घातली जाते, जेणेकरून शस्त्र रिकामे असल्याचे दुरूनही दिसावे. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळविणाऱ्या कोल्हापूरच्या राही सरनोबत याच शिस्तीत घडल्या. चापावर ज्यांचे बोट सर्वाधिक वेळा जाते, त्या खेळाडूंनी हे बंधन कधी कमीपणाचे मानले नाही.

कायदा आणि कपाट

२०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवान्यासाठी शस्त्र सुरक्षिततेच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आवश्यक करण्यात आले आहे. ही केवळ अर्जाला जोडावयाची एक कागदपत्राची बाब आहे, असे अर्जदाराने समजू नये. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीजवळील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत पाच वर्षांची केली. त्याच दुरुस्तीने लग्नाच्या वरातीत किंवा आनंदोत्सवात हवेत गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणे हा स्वतंत्र गुन्हा ठरविला असून त्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. वर गेलेली गोळी कोठे तरी खाली येतेच. ‘चुकून सुटली’ हा बचावही न्यायालयात फार दूर जात नाही. हयगयीने मृत्यू घडल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

घरात शस्त्र कुलपात आणि काडतुसे वेगळ्या कुलपात असावीत. किल्ली खिळ्याला टांगलेली नसावी. उशीखाली भरलेले रिव्हॉल्व्हर ठेवून झोपणारास चोरापेक्षा स्वतःच्या लेकराचे भय अधिक बाळगावे लागते, कारण खेळण्यातली बंदूक आणि खरी यांतील भेद लहान मुलास कळत नाही. मद्य घेतल्यावर शस्त्राला हात लावू नये. चाप ओढूनही बार न उडाल्यास नळी सुरक्षित दिशेने ठेवून अर्धा मिनिट थांबावे. काही वेळा काडतूस उशिरा पेटते. आणि गोळी लागलीच, तर जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे, गोळी काढण्याचा प्रयत्न मुळीच न करता १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी व पोलिसांना कळवावे. पोलिसांच्या भीतीने घरगुती उपचारांत घालवलेला वेळ हा रक्ताचा वेळ असतो.

एक प्रसंग मात्र असा आहे की, ज्यासाठी कोणाचीच तयारी नसते. परवानाधारक वारतात, महिन्याभराने कपाट आवरताना घरच्यांच्या हाती फडक्यात गुंडाळलेले रिव्हॉल्व्हर येते. ते भरलेले आहे की रिकामे, कोणालाच माहीत नसते. थोरला मुलगा ते उघडून पाहू लागतो, आणि अनुभव नसलेल्या हातांत शस्त्र येण्याची हीच वेळ असते. परवाना व्यक्तीच्या नावे असतो. तो शेतजमिनीसारखा आपसूक वारसाकडे जात नाही. अशा वेळी शस्त्राला हात न लावता, ते आहे तेथेच ठेवून, खोलीत मुलांना न येऊ देता, पोलीस ठाण्यात वर्दी द्यावी आणि जाणत्या कर्मचाऱ्याकडून ते रिकामे करून घ्यावे. त्यानंतर शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे विनाविलंब जमा करून पावती घ्यावी. वारसास ते स्वतःकडे ठेवावयाचे असल्यास त्याने आपल्या नावे परवान्यासाठी जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे, आणि आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्तांकडे, रीतसर अर्ज करावा.