मुक्त स्रोत प्रकल्पांतील स्वामित्व व परवाना पडताळणी

मुक्त स्रोत प्रकल्पाला सोर्स कोड देण्यापूर्वी त्या कोडचा प्रताधिकार कोणाकडे आहे, देणाऱ्याला तो देण्याचा अधिकार आहे का आणि त्यावरील परवाना प्रकल्पाच्या परवान्याशी सुसंगत आहे का, याची खात्री करून घेण्याच्या प्रक्रियेला स्वामित्व व परवाना पडताळणी असे म्हणतात. कोड लिहिणारी व्यक्ती आणि त्याचा कायदेशीर मालक हे नेहमी एकच असतात असे नाही. मालकाच्या संमतीविना दिलेला कोड प्रकल्पातून काढून टाकावा लागू शकतो आणि तो वापरणारेही कायदेशीर अडचणीत येऊ शकतात.

भारतीय कायद्यातील तरतुदी

भारतात प्रताधिकार अधिनियम, १९५७ लागू आहे. १९८४ च्या दुरुस्तीपासून संगणक आज्ञावलीचा समावेश 'साहित्यकृती'च्या व्याख्येत होतो. कृती निर्माण होताच प्रताधिकार अस्तित्वात येतो. त्यासाठी नोंदणी बंधनकारक नाही. त्यामुळे कोणताही परवाना न जोडता उघड ठेवलेला कोड हा मुक्त स्रोत ठरत नाही.

कलम १७ नुसार सर्वसाधारणपणे लेखक हाच प्रथम मालक असतो. मात्र नोकरीच्या कराराखाली, कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडचा प्रथम मालक, वेगळा करार नसल्यास, नियोक्ता असतो. स्वतंत्रपणे काम घेणारा विकसक नोकर नसल्यामुळे त्याची स्थिती निराळी असते. समजा, परभणी जिल्ह्यातील गंगाखेड येथील एखाद्या विकसकाने पतसंस्थेसाठी मोबदला घेऊन हिशेबाची आज्ञावली लिहिली. लेखी हस्तांतरण झालेले नसल्यास केवळ पैसे दिल्याने पतसंस्था तिच्या प्रताधिकाराची मालक होत नाही. ती आज्ञावली मुक्त करायची झाल्यास विकसकाची संमती लागते. उलट, तोच विकसक पतसंस्थेचा पगारी कर्मचारी असेल आणि आज्ञावली लिहिणे हे त्याचे काम असेल, तर संस्थेची परवानगी आवश्यक ठरते.

कलम १९ नुसार प्रताधिकाराचे हस्तांतरण लेखी व स्वाक्षरीसह असावे लागते. त्यात कालावधी नमूद नसेल, तर तो ५ वर्षांचा मानला जातो आणि प्रादेशिक व्याप्ती नमूद नसेल, तर ती भारतापुरती मानली जाते. कलम ३०अ अन्वये या तरतुदी आवश्यक फेरफारांसह परवान्यांनाही लागू होतात. जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रकल्पासाठी ही बाब महत्त्वाची आहे. 'कोड प्रकल्पाला दिला' एवढेच लिहिलेले पत्र त्यासाठी अपुरे ठरू शकते. मुक्त स्रोत करारांत 'कायमस्वरूपी' आणि 'जागतिक' हे शब्द स्पष्टपणे घालण्याचे महत्त्व यावरून लक्षात येते. प्रताधिकार हस्तांतरित झाला, तरी कलम ५७ नुसार कृतीचा कर्ता म्हणून ओळखले जाण्याचा लेखकाचा विशेष हक्क कायम राहतो.

प्रचलित पद्धती

मुक्त स्रोत प्रकल्पांत प्रामुख्याने तीन पद्धती आढळतात.

• योगदानकर्ता परवाना करार: यात मालकी योगदानकर्त्याकडेच राहते व प्रकल्पाला व्यापक परवाना मिळतो. अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनमध्ये व्यक्ती आणि कंपन्या यांच्यासाठी स्वतंत्र करार आहेत. बाहेर तयार झालेला मोठा कोड स्वीकारताना सॉफ्टवेअर दानपत्र घेतले जाते.
• प्रताधिकार हस्तांतरण: यात मालकीच प्रकल्पाच्या संस्थेकडे जाते. जीएनयू ईमॅक्ससारख्या आज्ञावलींसाठी फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ही पद्धत वापरते.
• उगम प्रमाणपत्र: हा कोड देण्याचा आपल्याला अधिकार आहे, असे योगदानकर्ता प्रत्येक बदलासोबत नावानिशी प्रमाणित करतो. लिनक्स कर्नेलमध्ये ही पद्धत २००४ मध्ये सुरू झाली. त्याआधी २००३ मध्ये एससीओ या कंपनीने आयबीएमविरुद्ध दाखल केलेल्या दाव्यामुळे लिनक्समधील कोडच्या उगमाचा प्रश्न ऐरणीवर आला होता.

इतरांचा कोड

दान करावयाच्या आज्ञावलीत इतरांनी लिहिलेले भाग असू शकतात; त्यामुळे प्रत्येक भागाचा परवाना तपासावा लागतो. नेटस्केपने ३१ मार्च १९९८ रोजी आपल्या न्याहाळकाचा सोर्स कोड खुला केला, तेव्हा इतर कंपन्यांच्या मालकीचे व परवानगी न मिळालेले भाग आधी वगळावे लागले होते. दोन्ही परवाने मुक्त असले, तरी ते परस्परांशी सुसंगत असतीलच असे नाही. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या मते अपाची परवान्याची आवृत्ती २.० ही जीएनयू जनरल पब्लिक लायसन्सच्या तिसऱ्या आवृत्तीशी सुसंगत आहे, परंतु दुसऱ्या आवृत्तीशी नाही.

लोहित टंकांचे उदाहरण

मराठीसह अनेक भारतीय भाषांसाठी वापरले जाणारे लोहित टंक रेड हॅट या कंपनीने प्रसिद्ध केले. मूळ टंक पुण्यातील मॉड्युलर इन्फोटेक या कंपनीकडून आले होते. संगणकीय टंक हा केवळ अक्षरचित्रांचा संच नसतो. जोडाक्षरे, रफार व मात्रा यांच्या मांडणीचे नियमही त्याच्या फाइलमध्ये असतात. त्यामुळे परवान्याचा प्रश्न टंकांनाही लागू होतो.

लोहित टंक प्रथम जीएनयू जनरल पब्लिक लायसन्सखाली उपलब्ध होते. हा परवाना मुख्यतः आज्ञावलींसाठी तयार केलेला आहे. एखाद्या दस्तऐवजात टंक अंतर्भूत केल्यास त्या दस्तऐवजालाही परवान्याच्या अटी लागू होतात का, असा प्रश्न त्यातून उद्भवतो. सप्टेंबर २०११ मध्ये लोहित टंकांना एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्स लागू करण्यात आले. टंक वापरून तयार केलेल्या दस्तऐवजांना परवान्याच्या अटी लागू होत नाहीत, असे या परवान्यात स्पष्ट म्हटले आहे.

असा बदल हक्कधारकांच्या संमतीनेच करता येतो. मालकी अनेक योगदानकर्त्यांत विभागलेली असल्यास प्रत्येकाचा शोध घ्यावा लागतो. व्हीएलसी मीडिया प्लेयरच्या मूळ भागांचा परवाना बदलताना प्रकल्पाला अनेक जुन्या योगदानकर्त्यांशी संपर्क साधून संमती मिळवावी लागली होती. कोणता भाग कोणी, कोणत्या नात्याने व कोणत्या अटींवर दिला, याची नोंद दानाच्या वेळीच ठेवल्यास पुढे असा शोध घेणे सुकर होते.